पायवाट डिस्ट्रिक्टची, जमीन आपली: कुणी पडलं तर?

वाचकाचं पत्र:

«आम्ही चार वर्षांपूर्वी फ्रीमाँट सोडून कॅलिफोर्नियातच ऑबर्नच्या पुढे डोंगरउतारावर साडेअकरा एकर जागा घेतली. खालच्या बाजूने जुना पाण्याचा पाट जातो. पाटाच्या बांधावरून आसपासचे लोक फिरायला जातात, आम्ही कधी कुणाला अडवलं नाही. आता इथल्या रिक्रिएशन डिस्ट्रिक्टला (पार्क आणि पायवाटा सांभाळणारी स्थानिक सरकारी संस्था) त्यांची ट्रेल पुढच्या पार्कशी जोडायची आहे आणि मधले सातशे फूट आमचे आहेत. त्यांचा माणूस घरी येऊन गेला, फार चांगला बोलला. वर्षाला सहाशे डॉलर देतो म्हणाला. कागद अजून झालेला नाही, पण त्यांची माणसं दोनदा गवत कापून गेली आणि ओहळावर लाकडी साकवही टाकून गेली. हायस्कूलची क्रॉसकंट्रीची मुलं तिथूनच धावतात. फायर डिस्ट्रिक्ट, म्हणजे इथलं अग्निशमन दल, आमच्या तळ्यातून पाणी उचलण्याचा सराव करू का, असं विचारतंय. सासरे कराडहून आलेत. ते म्हणतात, एकदा वहिवाट पडली की जमीन हातची जाते. माझे मिस्टर म्हणतात, आपण इथे नवे, नाही म्हटलं तर वाईट दिसेल. मला भीती एकाच गोष्टीची आहे. तिथे कुणी पडलं, मोडलं, तर आमच्यावर केस होईल का? घर जाईल का? वरच्या अंगाला एक जुना खाणीचा खड्डाही आहे, त्यावर आधीच्या मालकाने फळ्या टाकल्यात.»

उत्तर:

ताई, पत्रात ज्या गोष्टीला तुम्ही शेवटची एक ओळ दिली आहे, तिथूनच सुरुवात करते. तो खड्डा.

तुमचा भाग सोन्याच्या खाणींचा. तिथे जमिनीत अशी भोकं किती आहेत याची गणतीच नाही. मी अशी एक जागा जवळून पाहिली आहे. वर मॅन्झनिटाची झुडपं, त्यांचा पाला फळ्यांवर साचून माती झालेली, त्या मातीत गवत उगवलेलं. वरून बघणाऱ्याला ती सपाट जमीनच वाटेल. मी काठीचं टोक फळीवर दाबलं तर ते ओल्या पावात शिरावं तसं आत गेलं. तिथे कुणी पडलं तर तो अपघात म्हणून सुटणार नाही. आपल्या जागेवर सोडून दिलेला खाणीचा खड्डा किंवा जुनी विहीर आहे हे माहीत असून ती झाकली, बुजवली किंवा नीट कुंपण घातली नाही, तर कॅलिफोर्नियाच्या आरोग्य आणि सुरक्षा संहितेच्या कलम ११५७०० नुसार तो मालकाचा फौजदारी गुन्हा होतो. आणि तुम्हाला तो खड्डा माहीत आहे हे तुम्हीच पत्रात लिहिलंय. म्हणून ट्रेलचा विचार नंतर. याच आठवड्यात तिथे पक्कं कुंपण आणि धोक्याची पाटी लावा, फोटो काढून तारखेनिशी ठेवा, आणि कायमचं बुजवण्यासाठी राज्याच्या डिपार्टमेंट ऑफ कॉन्झर्व्हेशनला फोन करा. सोडून दिलेल्या खाणींसाठी त्यांचा स्वतंत्र विभाग आहे. स्वतः आत डोकावू नका. मुलांना तर जवळही जाऊ देऊ नका.

आता तुमचा मूळ प्रश्न. केस कुणीही कुणावरही घालू शकतो, ते आपल्या हातात नाही. पण या राज्यात १९६३ पासून सिव्हिल कोडचं कलम ८४६ आहे, आणि ते तुमच्यासारख्या मालकांसाठीच केलेलं आहे. कुणी तुमच्या जमिनीवर फिरायला, धावायला, घोड्यावरून, सायकलवरून, मासे पकडायला, म्हणजे थोडक्यात विरंगुळ्यासाठी आलं, तर ती जागा त्याच्यासाठी सुरक्षित ठेवण्याची किंवा तिथल्या धोक्यांची सूचना देण्याची जबाबदारी मालकावर येत नाही. तुम्ही परवानगी दिलीत एवढ्याने ती जागा सुरक्षित असल्याची हमी तुम्ही दिली, असंही धरलं जात नाही. कोर्टांनी हे कलम बऱ्यापैकी सढळपणे वाचलं आहे. शेतातल्या जुन्या अवजारांवर मुलं खेळत असताना लोखंडी पाइप निसटून एका मुलाला लागला, त्या खटल्यात १९९३ साली राज्याच्या सुप्रीम कोर्टाने मालकाच्या बाजूने निकाल दिला. तुमच्यापासून फार लांब नाही, हायवे ५० वर दरवर्षी जुन्या पद्धतीच्या घोडागाड्यांचा तांडा निघायचा. त्यातला एक घोडा एका खासगी कुरणातून उधळला आणि कुरणाबाहेरच्या बाईला त्याने तुडवलं. २०१६ मध्ये अपील कोर्टाने तिथेही कुरणाच्या मालकांना हेच संरक्षण दिलं.

मग चिंता कशाची? हे संरक्षण हातून निसटायला तीन वाटा आहेत, आणि तुम्ही नकळत तिन्हींच्या तोंडाशी उभ्या आहात.

एक वाट त्या खड्ड्याची, ती वर सांगितली. धोका माहीत असून, त्यातून इजा होणार हे दिसत असून जाणूनबुजून काही न करणाऱ्याला कलम ८४६ वाचवत नाही.

दुसरी वाट पैशाची. प्रवेशासाठी मोबदला घेतला की संरक्षण गेलं. राज्याकडून मिळालेल्या मोबदल्याला कलमातच सूट आहे, हे खरं. त्यामुळे त्या भल्या माणसाने सहाशे डॉलर निर्धास्तपणे देऊ केले असतील. पण तुमचं रिक्रिएशन डिस्ट्रिक्ट म्हणजे या कलमातलं «राज्य» का, हा वाद एखाद्या जखमी माणसाचा वकील तुमच्या सातशे फुटांवर घालेल, आणि सहाशे डॉलरसाठी तो ओढवून घेण्यात काही शहाणपण नाही. मी तुमच्या जागी असते तर एक डॉलरही घेतला नसता. कागदात साध्या शब्दांत लिहायला सांगितलं असतं की ही परवानगी कोणत्याही मोबदल्याशिवाय दिली आहे. डिस्ट्रिक्टला खर्च करायचाच असेल तर तो विम्यावर आणि साकवाच्या देखभालीवर करू दे.

तिसरी वाट आमंत्रणाची. नुसती परवानगी दिलेल्या माणसापासून तुम्हाला संरक्षण आहे. मुद्दाम, नाव घेऊन बोलावलेल्या माणसापासून नाही. हा फरक मराठी घराला पटकन पचत नाही, कारण आलेल्याला या म्हणणं आपल्या रक्तात आहे. पण गेटवर «सर्वांचं स्वागत» अशी पाटी लावू नका. ट्रेलच्या उद्घाटनाचा निरोप मंडळाच्या व्हॉट्सॲपवर तुम्ही पाठवू नका, डिस्ट्रिक्टला पाठवू दे. मुलाने परस्पर मित्र बोलावले तर? अशा एका प्रकरणात घरच्या मुलाने मित्राला आईवडिलांच्या जागेवरच्या मोटोक्रॉस ट्रॅकवर बोलावलं होतं. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मालकाने स्वतः किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने बोलावलेलं असलं तरच ते मालकाचं आमंत्रण. तरी मुलाला एकदा नीट बसवून समजावा. आणि कोजागिरीला माणसं बोलवाल तेव्हा ती तुमची पाहुणीच असतात. त्यांच्या बाबतीत जागा नीट ठेवणं ही तुमची नेहमीची जबाबदारी. त्या रात्री पाटाच्या कडेला दोरी बांधा, दिवे लावा.

आता मामंजींच्या भीतीकडे येते. ती वेडगळ नाही. आपल्याकडे बांधावरून पडलेल्या वाटेपायी भावाभावांत पिढ्यान्‌पिढ्या दावे चाललेले त्यांनी पाहिले असणार. इथेही एके काळी तसंच झालं होतं. १९७० मध्ये सांताक्रूझच्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने ठरवलं की लोक पाच वर्षं बिनदिक्कत वापरत राहिले तर खासगी जागेवर जनतेचा हक्क बसू शकतो. झालं, मालकांनी धडाधड कुंपणं घातली. ते थांबवायला विधिमंडळाने सिव्हिल कोडमध्ये कलम १००९ आणलं. १९७२ पासून लोकांच्या नुसत्या येण्याजाण्याने तुमच्या जमिनीवर सार्वजनिक हक्क बसत नाही.

पण त्याच कलमात एक बारीक तरतूद आहे, आणि तुमच्या पत्रातला साकव वाचला तेव्हा माझ्या मनात तीच आली. एखादी सरकारी संस्था सार्वजनिक पैसा खर्चून तुमच्या जमिनीवर डोळ्यांना दिसणारं काही बांधते किंवा लोकांच्या वापरासाठी साफसफाई करते, तुम्हाला ते कळतं किंवा कळायला हवं, आणि तुम्ही स्पष्ट परवानगीही देत नाही आणि अडवतही नाही. असं पाच वर्षं चाललं की तो वापर चालू ठेवण्याचा त्या संस्थेला पक्का हक्क मिळतो. म्हणजे मामंजी एका अरुंद जागी अगदी बरोबर आहेत. तुमच्या बाबतीत घड्याळ साकव पडला त्या दिवशी सुरू झालं आहे, किंवा त्याही आधी, पहिल्यांदा गवत कापलं तेव्हा.

सॅक्रामेंटोत एका टायटल कंपनीत मी बावीस वर्षं जमिनीचे कागद तपासले. मी वकील नाही, पण वकिलाकडे जायच्या आधी कागदात काय बघायचं ते कळतं. एक म्हातारं जोडपं जागा विकायला आलं होतं. त्यांच्या फाइलमधला फोटो अजून आठवतो. ओकच्या झाडाखाली छान लाकडी बाक, पाठीला पितळी पट्टी, समोर खडी टाकलेली रुंद वाट. बाक, खडी, सगळं एका सार्वजनिक संस्थेचं. कागद एकही नाही. आजोबा म्हणाले, «ते विचारून गेले होते, मी हो म्हटलं होतं.» कुणी विचारलं, कधी, किती वर्षांसाठी, काही लिहिलेलं नव्हतं, आणि विचारणारा माणूस नोकरी सोडून गेला होता. विक्री सात महिने अडकली. आजी रोज दुपारी फोन करायच्या. तेव्हापासून कुणी तोंडी हो म्हटलं असं ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो.

म्हणून त्यांना अडवू नका, आणि तोंडी होकारही देऊ नका. मिस्टरांचं म्हणणं मला पटतं, शेजाऱ्यांच्या पायाखालची वाट अडवून कुणाचं भलं होत नाही. आजच डिस्ट्रिक्टला रजिस्टर्ड टपालाने पत्र पाठवा: गवत कापणं आणि साकव हे आमच्या परवानगीने आहे, ही परवानगी आम्ही कधीही काढून घेऊ शकतो, पुढचं कोणतंही काम लेखी कराराशिवाय करू नये. त्याबरोबर सिव्हिल कोडच्या कलम ८१३ खालची संमतीची नोटीस काउंटी रेकॉर्डरकडे, म्हणजे जमिनीचे दस्त नोंदवणाऱ्या कार्यालयात, नोंदवा. एकदा ती नोंदली की त्यानंतरचा वापर तुमच्या परवानगीचाच होता हे कोर्टात निर्णायक पुराव्यासारखं धरलं जातं. कलम १००८ ची पाटीही बांधावर लावा, मालकाच्या परवानगीने आणि त्याच्या नियंत्रणाखाली जाता येईल अशा मजकुराची. कलमात शब्द दिलेत, तेच वापरा, आपल्या मनाने बदलू नका.

मग मुख्य करार. इथे दोन रस्ते आहेत आणि वकिलाशी बोलायचं ते यावरच. एक म्हणजे लायसन्स: ठरावीक मुदतीची, काढून घेता येणारी परवानगी. दुसरं म्हणजे डिस्ट्रिक्टला ट्रेलसाठी इझमेंट देणं: मालकी तुमचीच, पण वाट वापरण्याचा नोंदलेला हक्क त्यांचा. आपल्याकडची माणसं इझमेंट म्हटलं की दचकतात, कारण ते जमिनीला चिकटतं. पण त्यात एक मोठा लाभ आहे. गव्हर्न्मेंट कोडच्या कलम ८३१.४ नुसार ट्रेलच्या स्थितीमुळे झालेल्या इजेसाठी सरकारी संस्था जबाबदार नसते, आणि ज्याने अशा वाटेसाठी त्या संस्थेला सार्वजनिक इझमेंट दिलं तो मालकही नसतो. म्हणजे ८४६ शिवाय तुम्हाला दुसरी ढाल मिळते. डिस्ट्रिक्टला स्वतःला ८४६ चा आसरा नाही. एका रिक्लेमेशन डिस्ट्रिक्टच्या (पाणथळ जमीन कोरडी राखणारी सरकारी संस्था) कालव्यात दोन मुली बुडाल्या, त्या खटल्यात १९८३ साली सुप्रीम कोर्टाने ते स्पष्ट केलं. त्यामुळे डिस्ट्रिक्ट ८३१.४ च्या आडोशाला उभं राहील आणि जखमी माणसाचा वकील मागे वळून बघेल, तेव्हा मागे तुम्ही असाल. माझं मत विचाराल तर आधी दोन वर्षांचं लायसन्स द्या. ते पावसाळ्यानंतर साकव तपासायला येतात का, कचरा उचलतात का, फोन घेतात का, ते बघा. माणसं कामाची निघाली तर इझमेंट द्या.

दोन्हींत नुकसानभरपाईचं कलम ओळ न् ओळ वाचा. डिस्ट्रिक्टच्या मसुद्यात बहुधा असं असतं: आमच्या चुकीने झालेल्या नुकसानीपुरतं आम्ही भरू, तुमच्या चुकीचं तुम्ही भरा. वाचायला ते न्याय्य वाटतं. पण चूक कुणाची हे ठरेपर्यंत वकिलाचं बिल कोण देणार? तुम्हाला हवं ते वाक्य असं: ट्रेलच्या सार्वजनिक वापरातून उद्भवलेल्या कोणत्याही दाव्यात डिस्ट्रिक्ट मालकाचा बचाव पहिल्या दिवसापासून करेल आणि भरपाई देईल, मालकाने जाणूनबुजून केलेलं कृत्य वगळून. हे का महत्त्वाचं? १९८६ च्या प्रपोझिशन ५१ नंतर, म्हणजे मतदारांनी मंजूर केलेल्या कायद्यानंतर, वेदनेची, मनस्तापाची भरपाई प्रत्येकाने आपल्या वाट्यापुरतीच द्यायची असते. हॉस्पिटलचं बिल आणि बुडालेला पगार मात्र जबाबदार ठरलेल्यांपैकी कुणाहीकडून पूर्ण वसूल करता येतो. तुमच्यावर दहा टक्के ठपका आला तरी बिल शंभर टक्क्यांचं तुमच्या दारात येऊ शकतं.

डिस्ट्रिक्टच्या विमा पॉलिसीत तुमचं नाव अतिरिक्त विमाधारक म्हणून घालायला लावा. नुसतं सर्टिफिकेट घेऊन समाधान मानू नका, पॉलिसीला जोडलेली एन्डॉर्समेंट, म्हणजे तुमचं नाव घालणारी पुरवणी, मागा. ती दरवर्षी मागायची, म्हणून फोनमध्ये आठवण लावून ठेवा.

आणि तुमचा स्वतःचा विमा? हे पत्रात नाही, पण वणव्यांमुळे तुमच्या भागात कितीतरी घरांच्या पॉलिसी बंद होऊन लोक फेअर प्लॅनवर, म्हणजे दुसरी कंपनी विमा देत नाही तेव्हाच्या शेवटच्या सोयीवर, आलेत, म्हणून विचारते. तुम्ही फेअर प्लॅनवर असाल तर तो मुख्यतः आगीचा विमा आहे. कुणी तुमच्या जागेवर पडलं आणि तुमच्यावर दावा झाला, तर त्यात एक पैसाही मिळत नाही. त्याच्या जोडीला घ्यायची वेगळी पॉलिसी मिळते, तिच्यात लायबिलिटी, म्हणजे तुमच्यावरच्या दाव्याचं संरक्षण, आहे ना ते आजच पान उघडून बघा, आणि वर अंब्रेला, म्हणजे त्या संरक्षणाची रक्कम वाढवणारी पॉलिसी, घ्या. एजंटला ट्रेलबद्दल खरं खरं सांगा. लपवलेली गोष्ट दावा आला की बाहेर येतेच.

शाळेची मुलं आणि फायर डिस्ट्रिक्ट या दोघांना रिक्रिएशन डिस्ट्रिक्टच्या करारात कोंबू नका. संध्याकाळी हौसेने धावणारा मुलगा आणि कोचच्या शिट्टीवर धावणारा संघ यांत कायद्याच्या नजरेला फरक दिसू शकतो. सक्तीची प्रॅक्टिस ही करमणूक का, असा प्रश्न निघू शकतो. स्कूल डिस्ट्रिक्टकडून त्यांचा स्वतंत्र जागावापर करार आणि विमा घ्या. त्यांच्याकडे असे छापील नमुने तयार असतात. फायर डिस्ट्रिक्टचा सराव तर विरंगुळाच नव्हे, तिथे ८४६ लागूच होत नाही, नेहमीची काळजी घेण्याची जबाबदारी तुमच्यावर राहते. तरीही त्यांना हो म्हणा. ऑगस्टमध्ये दरीतून धूर वर येईल तेव्हा तुमच्या तळ्याची वाट त्यांना अंधारातही माहीत असलेली बरी. फक्त लेखी करार हवा, इंजिन कुठपर्यंत आणायचं याचा नकाशा हवा, आणि सरावाच्या दिवशी ट्रेल बंद.

एक तारीख मात्र लक्षात ठेवा. खरंच कधी तुमच्यावर दावा झाला आणि डिस्ट्रिक्टने वाटा उचलावा असं तुम्हाला वाटलं, तर सरकारी संस्थेकडे लेखी मागणी सहा महिन्यांत करावी लागते, आणि ते सहा महिने दाव्याचे कागद तुमच्या हातात पडतात त्या दिवसापासून मोजले जातात. वाट बघत बसलात तर हक्काचा माणूसही हात वर करून मोकळा होतो. म्हणून असे कागद आले तर त्याच दिवशी वकील, विमा कंपनी आणि डिस्ट्रिक्ट, तिघांना कळवा.

जमिनीच्या कामाचा वकील काउंटीतलाच निवडा. त्याच्याकडे जाताना डीड (मालकीचा दस्त), साकवाचे फोटो, गवत कापल्याच्या तारखा आणि त्या माणसाचे ईमेल घेऊन जा. खड्ड्याभोवतीच्या कुंपणाचे फोटोही. आणि कलम ८१३ ची नोटीस नोंदवून रेकॉर्डरच्या शिक्क्याची प्रत आली की ती मामंजींच्या हातात द्या. आयुष्यभर सातबाऱ्यावरच्या नोंदी वाचलेल्या माणसाला तो शिक्का बघून झोप लागेल.